व्हायोलाविना सहा नाच

कॉव्हेंट्रीत फोल्सहिल रोडच्या मागच्या गल्लीत राहणारी ज्युडिथ किहीमकर दिवसा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची आणि बुधवारी संध्याकाळी व्हायोला वाजवायची. कव्हरं शिवणाऱ्या बाया त्या कारखान्यात पुष्कळ होत्या. व्हायोला वाजवणारी मात्र त्या अख्ख्या ऑर्केस्ट्रात ती एकटी.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. अंगाने भरलेला, आवाजाने खालचा, आणि स्वभावाने मागे मागे राहणारा. वरची धून व्हायोलिनं घेऊन जातात, तळ चेलो आणि बास धरून ठेवतात, आणि मधल्या जागेत व्हायोला असतो. रश्श्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण असतं ना, तसा. जेवणारा त्याचं नाव घेत नाही, पण घातलं नाही तर पहिल्या घासाला कळतं.

ज्युडिथ मूळची व्हायोलिनवाली. वडील हिलेल मुंबईत पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लेकीने काहीतरी वाजवलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, म्हणून माझगावच्या एका गोवेकर मास्तरांकडे तिला घातली. लग्नानंतर व्हायोलिन माळ्यावर गेलं आणि विलायतेला निघताना धाकट्या बहिणीला दिलं. नवरा राफाएल चौसष्ट साली पुढे आला, कॉव्हेंट्रीत फिटर म्हणून लागला. वर्षाने छोट्या बेलाला घेऊन ज्युडिथ आली. दोन हिवाळे कसेबसे गेले. मग एक दिवस कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं की अर्ल्सडनच्या चर्च हॉलमध्ये हौशी लोकांचा ऑर्केस्ट्रा आहे, कुणीही जावं. ती गेली. ऑर्केस्ट्रा चालवणारे मिस्टर थॉर्नली शाळेत संगीत शिकवायचे. उंच, वाकलेले, कोपराला चामड्याची ठिगळं लावलेला कोट. म्हणाले, "व्हायोलिनवाले ढीगभर आहेत. व्हायोला धराल का? कपाटात एक पडलाय."

तिने धरला. बेने इस्राएल घरातली बाई, देवाने जे पुढ्यात ठेवलं ते दोन्ही हातांनी घ्यायचं एवढं तिला ठाऊक होतं. आणि मग त्या मधल्या आवाजाचा तिला असा काही लळा लागला की व्हायोलिनची आठवण येईना. त्या परक्या शहरात बुधवारचे दोन तास ती कुणाची बायको नव्हती, कुणाची आई नव्हती, बसमध्ये जिच्याशेजारची सीट रिकामी राहते ती काळी बाईही नव्हती. ती व्हायोला होती. डावीकडून तिसरी खुर्ची तिची.

अडुसष्टच्या ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरला. ज्युडिथने थॉर्नलीसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, "शनिवारी मला जमायचं नाही. आमचा शब्बाथ असतो. त्या दिवशी आम्ही काम करत नाही, वाद्यही धरत नाही."

"अर्थातच, अर्थातच," म्हणून त्यांनी मान हलवली. जवळच्या लेमिंग्टन गावाहून कुणीतरी व्हायोलावाला मागवला. मिशाळ गृहस्थ होता म्हणे. आला, तिच्या खुर्चीत बसला, वाजवून गेला. पुढच्या बुधवारी ज्युडिथ जाऊन बसली तर खुर्चीच्या गादीला पाईपच्या तंबाखूचा वास येत होता.  दोन तास नाकातून तो वास जाईना.

त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये एका पुढाऱ्याने बाहेरून आलेल्या लोकांवर भाषण ठोकलं होतं. तेव्हापासून हवा जरा बदललीच होती. राफाएलच्या कारखान्यात कुणीतरी भिंतीवर खडूने काहीबाही लिहिलं. बेलाला शाळेत एका मुलीने विचारलं, तुम्ही कधी परत जाणार? बेला घरी येऊन म्हणाली, "ममा, परत कुठे जायची?" तिचं मराठी तेवढंच होतं, अर्धं मोडलेलं, पण प्रश्न सरळ होता.

अशात नोव्हेंबरचा तो बुधवार आला.

जानेवारीत चर्च हॉलमध्ये नाचाचा जलसा व्हायचा होता, त्यासाठी नवं संगीत वाटायचं होतं. ऑर्केस्ट्रात प्रत्येकाला आपापल्या वाद्याचे कागद मिळतात, त्याला पार्ट म्हणतात. ते वाटायचं काम मिसेस ओक्सकडे. त्या चेलो वाजवायच्या, गोल चेहरा, नाकावर चष्मा, आणि पिशवीत नेहमी पेपरमिंट. थॉर्नलीसाहेबांनी जाहीर केलं, "मोझार्ट. सहा जर्मन नाच. व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या नाचघरासाठी लिहिलेले. त्या काळी लोक खरोखर यावर नाचायचे, आणि आपणही नाचवणार आहोत."

मिसेस ओक्स वाटत निघाल्या. पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं. मग ज्युडिथच्या खुर्चीपाशी थांबल्या आणि तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"या वेळी तुझ्यासाठी काही नाही, डिअर. आराम कर."

आणि पुढे चेलोंकडे गेल्या.

ज्युडिथने थॉर्नलीसाहेबांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, आणि हसत होते. ओठ मिटून, मान किंचित झुकवून. तिला ते हसू चांगलं माहीत होतं. मुंबईला भाडेकरू काढायचा झाला की घरमालक असाच हसतो.

"थँक यू," ती म्हणाली. व्हायोला पेटीत ठेवला, कोट चढवला आणि बस स्टॉपवर जाऊन उभी राहिली.

घरी राफाएल चहा करत होता. "इतक्या लवकर?"

"मला काढलं."

"काढलं म्हणजे?"

"सगळ्यांना पार्ट दिले, मला नाही दिला. म्हणे आराम कर."

राफाएल मुळात कमी बोलणारा. त्याने दुसरा कप काढला, साखर घातली. "कशावरून काढलं? चूक झाली असेल."

"अहो, चूक झाली तर माणूस सॉरी म्हणतो. ही माणसं पायावर पाय पडला तरी सॉरी म्हणतात. हसत होते ते माझ्याकडे बघून! ऑक्टोबरात मी शनिवारी नाही म्हटलं ना, ते मनात ठेवलंय. तोंडावर बोलायचे नाहीत, असंच गोडीगुलाबीने दार दाखवायचे."

"मग विचार सरळ."

"मी? मी विचारू, मला का नाही बोलावलं म्हणून?"

हे मात्र राफाएललाही पटलं. त्यांच्याकडे लग्न असो की मलिद्याचा नवस, घरातलं कुणीतरी दारात येऊन सांगून गेल्याशिवाय कुणी जात नसे. सख्ख्या चुलतभावालाही सांगावं लागे. आणि ज्याला सांगितलं नाही त्याने का नाही सांगितलं हे विचारणं म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं. तेव्हा पुढच्या बुधवारी ज्युडिथ गेली नाही. त्याच्या पुढच्याही बुधवारी नाही. तिकडून कुणी येईल, निदान कारखान्यात फोन करील, अशी एक वेडी आशा होती. कुणी आलं नाही.

बुधवारची संध्याकाळ तिला खायला उठायची. ती कपाटं आवरायची, धुतलेले डबे पुन्हा धुवायची. एकदा तव्यावर भाकरी टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिली, तर बेला ओरडली, "ममा, तुझा भाकरी जळला!"

"भाकरी जळली म्हणावं," ज्युडिथ म्हणाली, पण भाकरी काही उलटली नाही.

मैत्रीण एकच होती जिच्यापाशी मन मोकळं करावं. डॉक्टर पद्माकर हॉस्पिटलात होते, त्यांची बायको अनुराधा. पुण्याची, तोंडाने फटकळ, देवधर्माची मोठी. दोघी रविवारी एकमेकींकडे जायच्या. अनुराधाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू म्हणजे ना, रुसलेली नवरीच आहेस. त्यांना काय स्वप्न पडणारे तू घरी बसून वाट बघतेस म्हणून?"

"मग मी काय करू? न बोलावता जाऊन बसू?"

"जा की! मी तर हॉस्पिटलच्या ख्रिसमस पार्टीला न बोलावता गेले होते. सामोसे घेऊन गेले, कुणी विचारलंसुद्धा नाही ही कोण."

"तू पुण्याची. तुझी गोष्ट वेगळी."

"हे कौतुक होतं का टोमणा?"

"दोन्ही," ज्युडिथ म्हणाली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

पण मनात दुसरंच काही शिजत होतं, आणि ते तिने अनुराधालाही सांगितलं नाही. जागा गेली ती शनिवारपायी, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग शनिवार सोडला तर? कारखान्यातले दोघं-तिघं आपले लोक शनिवारी ओव्हरटाइम करतच होते. त्यांचं आभाळ काही कोसळलं नव्हतं. आपण तर पैशांसाठी नाही, नुसतं वाजवण्यासाठी. वर्षातून दोन-तीन शनिवार. एवढ्याने देव रागावेल का?

त्या शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावायची वेळ झाली. वातीला काडी लावली, डोळ्यांवर हात धरले, प्रार्थना म्हटली. आणि हात काढायच्या आधी मनात आपल्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला म्हणाली, एलियाहू हन्नाबी, माझ्या मनात काय चाललंय ते तुला दिसतंय. मला नीट वाट दाखव, नाहीतर वाईट वाटेवर निदान फार पुढे जाऊ देऊ नकोस.

जेवताना तिने राफाएलला सांगितलं. "मी जाऊन सांगणार आहे. शनिवारीसुद्धा वाजवेन म्हणून."

राफाएलचा घास हातातच राहिला.  "मी अडवणार नाही," तो म्हणाला. "तुझं वाद्य, तुझं मन. पण ज्युडिथ, शनिवारी ते वाजवून घरी आलीस, की मग तुझा तो बुधवार तसाच राहील का, एवढं बघ."

तिला रडू आलं. तरी तिने ठरवलेलं बदललं नाही.

डिसेंबरातल्या एका बुधवारी ती निघाली. बसमध्ये इंग्रजीतलं वाक्य मनात घोळवत होती. मिस्टर थॉर्नली, मी विचार केला, शनिवारीसुद्धा मी येऊ शकेन. व्हायोला घेतला नव्हता. न बोलावलेल्या माणसाने वाद्य घेऊन जाणं तिला फारच निर्लज्जपणाचं वाटलं.

हॉलचं दार ढकललं तर आत वाजवणं चालू होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. मागे खुर्च्यांची थप्पी होती, तिच्याजवळ एका खुर्चीवर ती कोटासकट बसली.

दोन वर्षांत ऑर्केस्ट्रा तिने बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. आत बसलेल्याला शेजारच्याचा आवाज मोठा आणि लांबच्याचा बारीक, सगळं वाकडंतिकडं ऐकू येतं. इथे मात्र सगळं एकत्र येऊन तिच्या अंगावर पडलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पहिल्या मात्रेवर बास धप्पकन पाय रोवायचे आणि वर व्हायोलिनं गिरकी घ्यायची. मधेच बासरी खुदकन हसून जायची. पहिला भाग, मग मधला मऊ भाग, मग पुन्हा पहिला. घरातून अंगणात जाऊन पुन्हा घरात यावं तसं.

ती आपली जागा शोधत होती. सवयीने तिचा कान मधल्या आवाजाकडे गेला. इथे भोक असणार, तिला वाटलं. माझ्यावाचून इथे पोकळ वाजणार. मनात थोडी तशी इच्छाही होती, खोटं कशाला बोला. पण पोकळ काही वाजेना. दुसरी व्हायोलिनं खालच्या तारांवर ठेका देत होती, बसून नावाचं खर्जातलं फुंकवाद्य त्यांना जोड देत होतं, आणि सगळं कसं भरलेलं, घट्ट. तिने पुन्हा कान लावला. कुणाचा पार्ट काढून घेतलेला नव्हता. या संगीतात व्हायोलाला जागाच ठेवलेली नव्हती. लिहिणाऱ्यानेच लिहिला नव्हता.

तिच्या छातीवरचा एक दगड तर उतरला. पण दुसरा तसाच होता. जगात एवढं संगीत पडलेलं असताना, यांनी नेमकं व्हायोला नसलेलंच का उचललं?

चहाची सुट्टी झाली तशी मिसेस ओक्सनी तिला पाहिलं. "ज्युडिथ! अगं, आलीस! आम्हाला वाटलं तू मस्त आराम करत असशील."

थॉर्नलीसाहेब कप घेऊन आले. ज्युडिथ उभी राहिली. घोळवलेलं वाक्य अर्धं विसरली होती, उरलेलं एका दमात बोलली. "मिस्टर थॉर्नली, माझी जागा राहणार असेल तर मी शनिवारी वाजवायला तयार आहे."

थॉर्नलीसाहेबांचा कप बशीत आडवा व्हायचा राहिला. "छे, छे! काय बोलताय मिसेस किहीमकर? असं कधीही करायचं नाही. आणि जागा? तुमच्या जागेला काय झालं?"

"तुम्ही मला पार्ट नाही दिला."

"कारण पार्ट नाहीच आहे! त्यासाठीच तर ते घेतले." ते मिसेस ओक्सकडे वळले. "तुम्ही यांना सांगितलं नाही?"

"मला वाटलं तुम्ही सांगितलंत."

"मी? मी... मी हसलो यांच्याकडे बघून."

मिसेस ओक्सनी आढ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. "हे बघ, डिअर. जानेवारीत हॉल मिळत होता तो फक्त शनिवारी. शनिवारी तू येणार नाहीस. ऑक्टोबरात तुझ्या खुर्चीत तो लेमिंग्टनचा माणूस बसला ते यांना आवडलं नव्हतं. मलाही नव्हतं, माझ्या चेलोवर राख पाडली त्याने. तेव्हा साहेब म्हणाले, असं काहीतरी शोधू ज्यात व्हायोला लागतच नाही. म्हणजे मिसेस किहीमकरांच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवावं लागणार नाही. किती कपाटं पालथी घातली त्यांनी! शेवटी हे व्हिएन्नाचे नाच सापडले. त्या काळी तिथल्या नाचघरांत व्हायोला घ्यायचेच नाहीत म्हणे."

 खुर्ची राखून ठेवायला माणसाने अख्खा कार्यक्रम बदलावा, आणि त्यातलं एक अक्षर तोंडातून काढू नये! ती खाली बसली. हातातला रुमाल उगाच घडी घालत राहिली. मग एकाएकी तिला काहीतरी खटकलं.

"जलसा शनिवारी किती वाजता?"

"संध्याकाळी. साडेसातला."

"संध्याकाळी?" ज्युडिथ पुन्हा उठून उभी राहिली. "पण माझा शनिवार तर तेव्हा संपलेला असतो!"

"संपलेला?" थॉर्नलीसाहेब गोंधळले. "शनिवार रात्री बाराला संपतो ना?"

"तुमचा! आमचा शुक्रवारी दिवेलागणीला लागतो आणि शनिवारी तारे दिसले की सुटतो. जानेवारीत तर काय, साडेपाचच्या आत."

मिसेस ओक्सनी थॉर्नलीसाहेबांकडे पाहिलं. 

कोकणात ज्युडिथचे आजे-पणजे तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेलीच म्हणायचं. शुक्रवारी दिवे लागले की घाण्याचा बैल सुटतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की पुन्हा तेल मिळतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुणाला कधी समजावून सांगावं लागलं नव्हतं. मग इथेही सांगायचं असतं हे तिच्या मनात येणार तरी कसं?

"तुम्ही सांगितलं नाहीत," थॉर्नलीसाहेब बारीक आवाजात म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

पहिल्यांदा मिसेस ओक्सना हसू फुटलं. त्यांचा चष्मा घसरून चहात पडायच्या बेतात आला. मग ज्युडिथला आवरेना. हॉर्न वाजवणारा रेज दूधवाला लांबून ओरडला, "काय झालं? आम्हालाही सांगा!" त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे व्हायोलावाली येऊ शकते, आणि तिच्यासाठी आपण व्हायोलाच फेकून दिला?"

थॉर्नलीसाहेबांना मात्र हसू येत नव्हतं. कान लाल झाले होते. "मी तुमच्यासाठी एक पार्ट लिहितो. दोन दिवसांत लिहीन. नाहीतर शेवटच्या नाचात झांजा आहेत, त्या धराल?"

"झांजा!" आजोबा झांजा वाजवत बायबलातल्या कथांचं कीर्तन करायचे ते ज्युडिथला आठवलं आणि तिने मान हलवली. "नको. लिहिणाऱ्याने लिहिलं नाही ते आपण कशाला लिहायचं? छान वाजतंय तसंच राहू दे." मग जरा थांबून म्हणाली, "मी नाचायला येईन. पण बोलवा मला."

"बोलवा? पण तुम्ही तर आमच्यातल्याच आहात."

"तरी बोलवा. आमच्याकडे असं असतं."

त्या उंच, वाकलेल्या माणसाने कप खाली ठेवला, कोटाची बटणं लावली आणि सगळ्यांदेखत तिला रीतसर आमंत्रण दिलं. मिस्टर किहीमकरांसह. आणि मुलीसह.

जानेवारीतल्या त्या शनिवारी आभाळ भरलेलं होतं. तारा एकही दिसण्याची आशा नव्हती. राफाएलने लंडनहून आलेल्या कॅलेंडरात वेळ बघितली आणि वर आणखी थोडं थांबला, देवाच्या वेळेत काटकसर नको म्हणून. मग हव्दालाची प्रार्थना म्हटली, तिघांनी सब्ज्याच्या सुकवलेल्या पानांचा वास घेतला, आणि शब्बाथला निरोप दिला. ज्युडिथने हिरवी रेशमी साडी काढली. राफाएलने लग्नातला कोट घातला. बटण लागेना तेव्हा म्हणाला, "उघडाच ठेवतो. हवा खेळती राहील."

"नाचणार आहात ना?"

"मी? मी बेलाला बघेन."

पण हॉलमध्ये दिवे लागलेले, जमिनीला मेण चोळलेलं, आणि थॉर्नलीसाहेबांनी छडी उचलून पहिला नाच सुरू केला, तेव्हा राफाएलचा पाय आपोआप ठेका धरू लागला. भायखळ्याच्या क्लबात तरुणपणी तो वॉल्ट्झ शिकला होता, आणि हे जर्मन नाच म्हणजे वॉल्ट्झचे आजोबाच. दुसऱ्या नाचाला तो उभा राहिला. ज्युडिथपुढे हात केला.

ज्युडिथ नाचली. साडीच्या निऱ्या डाव्या हातात धरून, आधी चाचरत, मग मोकळी. पहिला भाग संपून मऊ भाग आला की जोड्या सावकाश फिरायच्या, आणि पहिला भाग परत आला की हॉलभर एकदम लाट उठायची. तिला कळत होतं, हे आपण बसून वाजवलं असतं तर कधी समजलं नसतं. खाली बासचा ठेका, वर व्हायोलिनं, आणि मधे चाळीस-पन्नास जणांच्या बुटांचा जमिनीवर घासल्याचा तो आवाज. तिच्या आवाजाची जागा आज पावलांनी घेतली होती, आणि त्यात तिचीही दोन होती.

सगळंच गोड झालं असं नाही. चौथ्या नाचाआधी भिंतीशी उभा असलेला एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, मुद्दाम ऐकू जाईल असं, "आता काय, उद्या बँडमध्येही बसतील."

रेज हॉर्नमधलं पाणी काढत होता. मान वर न करता म्हणाला, "बसलीये ती केव्हाच, दोस्ता. आज तिला सुट्टी आहे."

आजूबाजूचे हसले. तो माणूस हसला नाही, पण गप्प झाला. राफाएलने ज्युडिथचा हात थोडा घट्ट धरला आणि चौथा नाच सुरू झाला.

पुढच्या बुधवारी ज्युडिथ वेळेआधी हॉलवर पोचली. मिसेस ओक्सनी नवा पार्ट तिच्या स्टँडवर ठेवला. स्वरांनी काळाकुट्ट भरलेला, पानंच्या पानं. "घे. आराम संपला," त्या म्हणाल्या.

मग थॉर्नलीसाहेब आले, आणि या वेळी नुसते हसले नाहीत. त्यांनी विचारलं. "मिसेस किहीमकर, जूनमध्ये तारे किती वाजता दिसतात?"

"जूनमध्ये? साडेदहा तरी वाजतील."

"अरे देवा. म्हणजे पुढचा कार्यक्रम शनिवारी नाही."

"रविवार करा," रेज म्हणाला.

रविवार म्हटल्यावर चर्चच्या दोन म्हाताऱ्या बायका भडकल्या. रविवारी हॉलमध्ये तिकीट लावून कार्यक्रम? त्यांचाही देव होता, आणि ज्युडिथला त्यांचं म्हणणं पटलं. बरीच वादावादी झाली. शेवटी थॉर्नलीसाहेबांनी कंटाळून गुरुवार धरला, की हा वार तरी कुणाच्या देवाचा नसेल.

जूनमध्ये, कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी, ज्युडिथ अनुराधाकडे गेली. दारातूनच म्हणाली, "गुरुवारी आमचा कार्यक्रम आहे. तू आणि डॉक्टर, दोघांनी यायचं. मी मुद्दाम घरी येऊन सांगतेय."

"गुरुवारी?" अनुराधाने कपाळाला हात लावला. "अगं, गुरुवारी माझा दत्ताचा उपास!"

"तुला काय वाजवायचंय? ऐकायला उपास चालतो."

"चालतो म्हणा. पण सात वाजता मला चक्कर येते."

"मग शेंगदाणे घेऊन ये."

ती आली. डॉक्टरांना घेऊन पहिल्या रांगेत बसली, मांडीवर शेंगदाण्यांचा पत्र्याचा डबा. बाहेर अजून लख्ख उजेड होता, हॉलच्या उंच खिडक्यांतून ऊन थेट वाजवणाऱ्यांच्या कागदांवर पडलं होतं. राफाएल आणि बेला कडेला बसले होते. डावीकडून तिसऱ्या खुर्चीत ज्युडिथने व्हायोला खांद्याला लावला. थॉर्नलीसाहेबांनी छडी वर केली आणि अख्खा हॉल शांत झाला.

संथ भाग निम्मा झाला असेल, तेवढ्यात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग एकेक दाणा दाताखाली फुटत असल्याचा. रेजने वर पाहिलं. मिसेस ओक्सच्या चेलोला एक बारीकसा हिसका बसला. ज्युडिथने हसू दाबायला ओठ आत घेतले, डोळे कागदावर रोवले, आणि गज तारांवरून लांब, सरळ ओढत राहिली.